अनुवादित कादंबरीची ऑनलाइन जाहिरात: पैसे घालण्याआधी आणि घातल्यावर

फेसबुकवर पोस्ट ‘बूस्ट’ केली, लाइक आले, अभिनंदनाच्या कमेंटी आल्या, प्रती मात्र जागच्या हलल्या नाहीत. अनुवादक, छोटे प्रकाशक आणि पदरमोड करून पुस्तक काढणारे यांची ही नेहमीची तक्रार. तिला जोडूनच एक शंका येते: गंभीर कादंबरीची अशी जाहिरात करणं बरं दिसतं का? शंकेचं उत्तर सोपं आहे. खुशाल करा. मासिकांच्या आणि दिवाळी अंकांच्या पानांवर पुस्तकांच्या जाहिराती आपण पिढ्यानपिढ्या पाहत आलो आहोत, फक्त पान बदललं. तक्रारीचं उत्तर मात्र सविस्तर द्यावं लागेल.

थोडक्यात सांगायचं तर, अनोळखी माणसाला जाहिरात दाखवून त्याच क्षणी प्रत विकणं हा साहित्यिक अनुवादाच्या बाबतीत बहुतेक वेळा आतबट्ट्याचा व्यवहार ठरतो. त्याच पैशात त्या कादंबरीची पहिली दहा पानं वाचणारे दोन-तीनशे लोक मिळू शकतात. जाहिरातीकडून हे दुसरं काम करून घ्यायचं असं ठरवलंत, तर पुढचे बरेच प्रश्न आपोआप सुटतात.

आधी एका प्रतीचा हिशेब

समजा, कन्नडमधून मराठीत आलेली ३२० पानांची कादंबरी आहे. छापील किंमत ४५० रुपये. थेट वाचकाला तुम्ही ती २० टक्के सवलतीनं, म्हणजे ३६० रुपयांना देता. खालचे आकडे उदाहरणापुरते आहेत. त्यांच्या जागी तुमचे घाला.

- कागद, छपाई, बांधणी: १२० रुपये
- मूळ लेखक आणि अनुवादक यांचं मानधन, मिळून छापील किमतीच्या १२ टक्के: ५४ रुपये
- टपाल आणि पॅकिंग: ६० रुपये
- संपादन, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ, साठवण यांचा वाटा: ६० रुपये

उरले ६६ रुपये. नफा शून्य धरला तरी प्रतीमागे जाहिरातीवर यापेक्षा जास्त खर्च करता येणार नाही. आता एका क्लिकला चार रुपये पडतात असं धरा. ६६ रुपयांत सोळा क्लिक मिळाले. म्हणजे ज्या लेखकाचं नाव कधी ऐकलेलं नाही, त्याची कादंबरी सोळा अनोळखी माणसांपैकी एकानं तिथल्या तिथे विकत घ्यायला हवी. साठांत एक गिऱ्हाईक लागलं तर प्रतीमागे जाहिरातीचा खर्च २४० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी धरून २८३. वितरकामार्फत जाणाऱ्या प्रतीवर तर हातात आणखी कमी उरतं. ४० टक्के कमिशन धरलं तर टपाल वाचूनही ३६ रुपये.

मग जाहिरात करायचीच कशाला? कारण जो वाचक आज उतारा वाचतो, तो महिन्याभरानं प्रदर्शनात पुस्तक हातात घेतो, ग्रंथालयात मागणी नोंदवतो, भिशीच्या ग्रुपवर नाव टाकतो. ही विक्री जाहिरातीच्या खात्यात कधीच दिसत नाही. म्हणून हिशेब प्रतीमागे मांडू नका, आवृत्तीमागे मांडा. प्रकाशन समारंभाचं सभागृह, शाली आणि बटाटेवडे यांचा खर्च प्रतीमागे किती पडला हे कुणी विचारत नाही. तशीच एक रक्कम जाहिरातीला काढून ठेवा. ती बुडाली तरी पुढचं पुस्तक अडणार नाही, एवढीच असू द्या. हजार प्रतींच्या आवृत्तीला सुरुवातीला सात-आठ हजार रुपये पुष्कळ झाले.

करारपत्र काढून वाचा

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात. अनुवादित पुस्तकात किमान दोघांचे हक्क गुंतलेले असतात: मूळ कृतीचे आणि अनुवादाचे. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार अनुवाद करण्याचा हक्क मूळ हक्कधारकाकडे असतो, आणि परवानगीनं झालेला अनुवाद ही अनुवादकाची स्वतंत्र कृती असते. जाहिरातीआधी एवढं तपासा:

- उतारा किती वापरता येतो? प्रसिद्धीसाठी अमुक इतकेच शब्द, अशी अट परदेशी प्रकाशकांच्या करारात अनेकदा असते. अख्खं प्रकरण द्यायचं असेल तर ईमेलवर लेखी परवानगी घ्या. सहसा मिळते.
- प्रदेश कोणता? करारात प्रदेश लिहिलेलाच नसेल तर आपल्या कायद्याप्रमाणे (कलम १९) हक्क भारतापुरते दिले असं धरलं जातं. न्यू जर्सीतल्या मराठी वाचकांना जाहिरात दाखवून पुस्तक विकायचं असेल तर आधी याचा निकाल लावा.
- मुदत किती? ती लिहिलेली नसेल तर पाच वर्षं धरली जातात. जुन्या पुस्तकाची नवी जाहिरात करताना मुदत संपलेली नाही ना, ते पाहा.
- ई-बुक आणि ऑडिओचे हक्क आहेत का? नसतील तर उताऱ्याचं ध्वनिमुद्रण करून जाहिरातीत वापरणंही अंगाशी येऊ शकतं.
- मुखपृष्ठ आणि लेखकाचं छायाचित्र कुणाचं? नेटवर सापडलेला लेखकाचा फोटो कुणा छायाचित्रकाराचा असतो. मूळ प्रकाशकाकडून मागवा.

अनुवादकांसाठी एक मुद्दा स्वतंत्रपणे. कलम ५७ प्रमाणे आपल्या कृतीचं कर्तृत्व सांगण्याचा हक्क लेखकाला असतो आणि अनुवादाचे लेखक तुम्ही आहात. हक्क प्रकाशकाला दिले तरी हा अधिकार उरतो. जाहिरातीच्या चित्रावर अनुवादकाचं नाव यावं ही अट करारातच घाला, म्हणजे पुढे मनधरणी करावी लागणार नाही. खरं तर यात प्रकाशकाचाच फायदा आहे. भैरप्पांच्या कादंबऱ्या मराठीत ज्यांनी वाचल्या, त्यांच्यापैकी कित्येकांना उमा कुलकर्णी हे नाव पुरेसं असतं. पुढचं पुस्तक कुणाचं, हे ते नंतर पाहतात.

हक्कमुक्त कृतींबद्दलही घोटाळा होतो. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतात. शरच्चंद्र चट्टोपाध्याय १९३८ साली गेले, त्यामुळे त्यांचं मूळ लेखन कधीच मोकळं झालं. पण त्यांचे जुने मराठी अनुवाद आपोआप मोकळे होत नाहीत, कारण तिथे अनुवादकाच्या मृत्यूपासून मोजायचं असतं. शरच्चंद्रांचे अनुवादक मामा वरेरकर १९६४ साली गेले, म्हणजे त्यांच्या अनुवादांची मुदत २०२४च्या अखेरपर्यंत चालली.

जाहिरात वाचकाला कुठे नेणार?

खरा पैसा वाया जातो तो इथे. जाहिरातीवर बोट ठेवलं की माणूस कुठल्या पानावर पोहोचतो, याचा विचार जाहिरातीच्या मजकुराआधी करा. तीन वाटा आहेत.

पहिली, थेट ॲमेझॉन किंवा अन्य ऑनलाइन दुकानाची लिंक. सोपी वाटते, पण दुसऱ्याच्या दुकानात तुमचा मोजणीचा कोड (मेटा पिक्सेल) बसवता येत नाही. कोण आलं, कुणी घेतलं, काहीच कळत नाही. शिवाय फेसबुकवरून उघडलेली लिंक बहुतेक वेळा फेसबुकच्याच आतल्या ब्राउझरमध्ये उघडते. तिथे वाचकानं दुकानात लॉगिन केलेलं नसतं, मग पासवर्ड आठवत बसण्यापेक्षा तो मागे फिरतो.

दुसरी, तुमच्या स्वतःच्या संकेतस्थळावर उताऱ्याचं पान. मला विचाराल तर हीच वाट उत्तम. त्या पानावर काय असावं? वर मुखपृष्ठ, लेखक आणि अनुवादक. खाली लगेच कादंबरीची पहिली आठ-दहा पानं, मोबाइलवर वाचता येतील अशा टायपात. प्रस्तावना नको, मान्यवरांचे अभिप्राय नकोत. उतारा संपतो तिथे ‘पुढे वाचायचं असेल तर’ म्हणून दोन-तीन बटणं: तुमच्याकडून, ऑनलाइन दुकानातून, आणि कोणत्या शहरात कोणत्या दुकानात पुस्तक मिळेल त्याची यादी. उतारा पीडीएफ म्हणून लावू नका. मोबाइलवर तो चिमटीनं मोठा करत वाचावा लागतो आणि दुसऱ्या पानावर माणूस गळतो.

उतारा टाकताना एक तांत्रिक अडचण हमखास येते. आपली बरीचशी पुस्तकं जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये जुळवलेली असतात. तो मजकूर उचलून संकेतस्थळावर चिकटवला की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा खिचडा उमटतो. युनिकोडमध्ये रूपांतर करून घ्या आणि मग मुद्रितशोधकाकडून पुन्हा वाचून घ्या. जोडाक्षरं, रफार आणि अवग्रह रूपांतरात हमखास बिघडतात.

तिसरी वाट व्हॉट्सॲपची. ‘मेसेज पाठवा’ या बटणावरून वाचक थेट तुमच्या व्हॉट्सॲप बिझनेस क्रमांकावर येतो. संकेतस्थळ नसलेल्या प्रकाशकाला हे सोयीचं आहे, कारण ऑर्डर, यूपीआय आणि पत्ता सगळं तिथेच होतं. अट एकच, उत्तर द्यायला माणूस हवा. रात्री दहाला आलेल्या ‘किंमत काय?’ला दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर दिलं तर ते गिऱ्हाईक गेलेलं असतं. आलेल्या वाचकाला तुमचा क्रमांक सेव्ह करायला सांगा. ब्रॉडकास्ट यादीतला संदेश फक्त ज्यांनी क्रमांक सेव्ह केला आहे त्यांनाच पोहोचतो.

कोणता पर्याय निवडायचा: बूस्ट की ॲड्स मॅनेजर?

पोस्टखालचं ‘बूस्ट’ बटण दाबलं की यंत्रणा मुख्यतः लाइक आणि कमेंट करणारी माणसं शोधून देते. ती ते काम चोख करते, म्हणूनच तुम्हाला लाइक मिळतात. ॲड्स मॅनेजरमध्ये जाऊन उद्दिष्ट स्वतः निवडा:

- उताऱ्याच्या पानावर माणसं आणायची असतील तर ‘ट्रॅफिक’, आणि पिक्सेल बसवला असेल तर त्यात ‘लँडिंग पेज व्ह्यू’. नुसत्या क्लिकपेक्षा पान खरंच उघडणारी माणसं मिळतात.
- व्हॉट्सॲप हवं असेल तर संदेशांचा पर्याय.
- ‘सेल्स’ हे उद्दिष्ट मोहक दिसतं, पण यंत्रणेला शिकण्यासाठी एका जाहिरातसंचामागे आठवड्याला सुमारे ५० खरेद्या दिसाव्या लागतात. साहित्यिक कादंबरीला हा आकडा परका आहे. यंत्रणा शिकतच राहते आणि पैसे जातच राहतात.

आयफोनच्या ॲपमधून बूस्ट केल्यास ॲपलचं ३० टक्के शुल्क वर लागू शकतं. संगणकावरच्या ब्राउझरमधून केलंत तर ते टळतं.

मराठी वाचक यंत्रणेला कसा ओळखू येईल?

‘भाषा: मराठी’ ही खूण करू की नको, हा प्रश्न हमखास विचारला जातो. उत्तर: फेसबुकवर शक्यतो नको. ती खूण मुख्यतः माणसानं ॲपची भाषा कोणती ठेवली आहे यावर चालते. आपल्यातले असंख्य मराठी वाचक मोबाइल इंग्रजीतच वापरतात. खूण केली की तेच बाहेर पडतात. त्याऐवजी जाहिरातीचा मजकूर स्वच्छ देवनागरी मराठीत ठेवा. ज्याला वाचता येत नाही तो पुढे सरकतो आणि यंत्रणा त्यावरून धडा घेते.

ठिकाण निवडताना मात्र बारकाईनं विचार करा. ‘महाराष्ट्र’ एवढंच टाकलं की पैसे पसरट खर्च होतात. सुरुवात तीन-चार ठिकाणांनी करा आणि ती पुस्तकाच्या विषयावरून ठरवा. कन्नडमधून आलेल्या कादंबरीला कोल्हापूर, सांगली, सोलापूर आणि बेळगाव ही नैसर्गिक ठिकाणं. तिथल्या वाचकाला तो मुलूख ओळखीचा असतो. गुजरातीतून आलेल्या पुस्तकाला मुंबईच्या उपनगरांबरोबर बडोदा घ्या. हिंदी कादंबरीच्या अनुवादाबाबत सबुरीनं घ्या, कारण नागपूर किंवा इंदूरचा वाचक ती मूळ हिंदीतच वाचेल. कोंकणीतून आलेल्या पुस्तकाला गोवा आणि सिंधुदुर्ग. पुणे आणि ठाणे-डोंबिवली सगळ्यांच्याच यादीत असतात, त्यामुळे तिथे वाचकाच्या नजरेसाठी चढाओढही जास्त.

आवडीनिवडींच्या यादीत ‘कादंबरी’, ‘साहित्य’ यांसारखे मोठे गट सापडतील. मराठी लेखकांची नावं टाकून पाहा. काही मिळतात, बरीच मिळत नाहीत. हल्ली मेटाचा ‘ॲडव्हांटेज प्लस’ हा पर्याय आपोआप चालू असतो. त्यात तुम्ही दिलेल्या आवडी नुसत्या सूचना म्हणून धरल्या जातात. ठिकाण आणि किमान वय मात्र पाळलं जातं. छोट्या रकमेच्या जाहिरातीत तो बंद करता येतो का ते पाहा आणि दोन्ही प्रकारे चालवून तुलना करा.

काही गोष्टी निवडताच येत नाहीत. जानेवारी २०२२ पासून मेटानं धर्म, वंश, आरोग्य, राजकीय मतं, लैंगिक कल अशा संवेदनशील बाबींशी जोडलेले बारीक पर्याय काढून टाकले. दलित आत्मभान, समलैंगिकता किंवा कर्करोग यांवरच्या कादंबरीचा वाचक असा ‘निवडून’ मिळणार नाही. तो उताऱ्याच्या ओढीनंच यायला हवा.

सगळ्यांत चांगला वाचकसंच तुमच्याकडेच असतो: आधीच्या पुस्तकांचे ग्राहक. त्यांची यादी चढवून त्यांच्यासारखे आणखी लोक (‘लुकअलाइक’) शोधता येतात. त्यासाठी एका देशातली किमान शंभर माणसं जुळावी लागतात. पण प्रदर्शनात वहीत लिहून घेतलेले फोन नंबर असे परस्पर चढवू नका. वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ साली झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्यानं लागू होत आहेत. नंबर घेतानाच ‘नव्या पुस्तकांची माहिती आणि जाहिरात यांसाठी वापरू’ असं लिहून संमती घ्या, आणि कुणी ‘माझं नाव काढा’ म्हटलं की काढा.

परदेशातल्या मराठी वाचकांसाठी छापील प्रतीची जाहिरात करू नका. तिकडे क्लिक महाग आणि टपालखर्च पुस्तकाहून जास्त. ई-बुकचे जागतिक हक्क असतील तरच विचार करा.

आणि दिशा उलटी असेल तर, म्हणजे मराठी कादंबरी इंग्रजीत गेली असेल तर, वरचं सगळं बाजूला ठेवा. सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ जेरी पिंटोंच्या इंग्रजी अनुवादात ज्यानं वाचली तो वाचक भारतभर विखुरलेला, इंग्रजीत वाचणारा, बहुधा इन्स्टाग्रामवरचा. तिथे महाराष्ट्राची खूण करणं म्हणजे स्वतःच दार लावून घेणं.

मजकूर आणि चित्र

‘जागतिक कीर्तीच्या लेखकाची काळजाला भिडणारी कादंबरी आता मराठीत! आजच मागवा!’ हे वाक्य कुठल्याही पुस्तकावर चिकटेल, म्हणून ते कुठल्याच पुस्तकाचं नाही. कादंबरीतला एक प्रसंग घ्या. समजा, गोष्ट धरणात बुडणाऱ्या गावातल्या शिक्षिकेची आहे:

*‘शाळा पाण्याखाली जाणार हे कळल्यावरही बाई वर्षभर रोज हजेरी भरत राहिल्या. वर्गात मुलं उरली होती तीन. या कन्नड कादंबरीचं पहिलं प्रकरण मराठीत वाचा.’*

किंमत नाही, सवलत नाही, उद्गारचिन्ह नाही. वाचायला बोलावणं आहे. असे तीन वेगळे मजकूर करा: एक प्रसंगाचा, एक पात्राचा, एक अनुवादकानं स्वतः सांगितलेला. तिसरा प्रकार व्हिडिओत चांगला जमतो. अनुवादकानं खिडकीजवळ बसून मोबाइलसमोर एक परिच्छेद वाचावा, तीस-चाळीस सेकंद. मागे चित्रपटगीत लावू नका. व्यावसायिक जाहिरातीत त्याचा परवाना लागतो. मेटाच्या स्वतःच्या मोफत ध्वनिसंग्रहातलं संगीत घ्या किंवा नुसता आवाज राहू द्या.

इथल्या चुका नेहमीच्या आहेत:

- ‘बुकर विजेता’. पुरस्कार नेमका लिहा. बुकर आणि आंतरराष्ट्रीय बुकर हे वेगळे पुरस्कार आहेत. ‘रेत समाधि’च्या डेझी रॉकवेल यांनी केलेल्या इंग्रजी अनुवादाला २०२२ साली मिळाला तो आंतरराष्ट्रीय बुकर. दीर्घ यादीत किंवा लघुयादीत आलेलं पुस्तक विजेतं नसतं. चुकीचा दावा ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली दिशाभूल करणारी जाहिरात ठरू शकते, आणि पहिल्या वेळी दंड दहा लाखांपर्यंत जाऊ शकतो.
- पैसे देऊन किंवा फुकट प्रत देऊन घेतलेला परिचय. पुस्तकांबद्दल रील करणाऱ्यांना प्रत भेट दिली असेल तर त्यांनी तसं स्पष्ट सांगायला हवं. भारतीय जाहिरात मानक परिषदेच्या २०२१च्या मार्गदर्शक सूचनांत फुकट मिळालेली वस्तूही मोबदल्यातच मोडते.
- वाचकालाच लक्ष्य करणारं वाक्य. ‘नैराश्यानं ग्रासले आहात?’ अशा ओळी मेटाच्या नियमांत बसत नाहीत, जाहिरात नाकारली जाते. पात्राबद्दल बोला.
- फुटलेलं देवनागरी. काही डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये ऱ्हस्व वेलांटी उजवीकडे सरकते, जोडाक्षर फुटतं. चित्र चढवण्याआधी मोबाइलवर उघडून वाचा. साहित्यिक पुस्तकाच्या जाहिरातीत अशुद्ध मराठी दिसलं की वाचक अनुवादावरही विश्वास ठेवत नाही, आणि ते रास्त आहे.

गूगल: थोडक्या पैशातलं उरलेलं काम

फेसबुकवर तुम्ही वाचकाच्या वाटेत उभे राहता, गूगलवर वाचक स्वतः शोधत येतो. वर्तमानपत्रात परीक्षण आलं किंवा मूळ लेखकाला पुरस्कार मिळाला की लोक पुस्तकाचं नाव शोधतात. त्या काळापुरती शोध-जाहिरात ठेवा, दिवसाला शंभर-दीडशे रुपये.

- शोधशब्द देवनागरी आणि रोमन दोन्ही लिपींत द्या. ‘मराठी अनुवादित कादंबरी’ असा शोध घेणारे निम्मेअधिक लोक तो रोमन अक्षरांतच टाइप करतात असं धरून चाला, आणि स्पेलिंगचे दोन-तीन प्रकार ठेवा.
- मूळ भाषेतलं पुस्तकाचं नाव आणि लेखकाचं नाव विसरू नका.
- वगळायचे शब्द पहिल्याच दिवशी घाला: पीडीएफ, मोफत, फ्री, डाउनलोड, सारांश, प्रश्नोत्तरे. हे केलं नाही तर फुकट पीडीएफ शोधणाऱ्यांच्या क्लिकचे पैसे तुम्ही भरणार.
- शीर्षकाला ३० आणि वर्णनाला ९० चिन्हांची मर्यादा आहे. कादंबरीचं नाव लांबलचक असेल तर आधीच कात्री चालवून ठेवा.

पैसे, बिल, वेळ

फेसबुकवर यूपीआयनं आगाऊ पैसे भरता येतात. पहिल्यांदा करणाऱ्यांनी क्रेडिट कार्ड जोडण्यापेक्षा हेच करावं, म्हणजे रक्कम संपली की जाहिरात थांबते. खात्याला एकूण खर्चाची मर्यादाही घाला.

जाहिरातीच्या बिलावर १८ टक्के जीएसटी लागतो. छापील पुस्तकांवर जीएसटी शून्य आहे, आणि त्यामुळे गंमत अशी होते की फक्त छापील पुस्तकं विकणाऱ्या प्रकाशकाला या कराचं क्रेडिट मिळत नाही. तो सरळ खर्चच. दहा हजारांची जाहिरात तुम्हाला ११,८०० ला पडते हे सुरुवातीलाच धरा. ई-बुकंही विकत असाल तर तुमच्या सीएंना विचारा.

दिवाळीच्या आधीचे तीन आठवडे टाळा. कपडे, मोबाइल, मिठाईवाले सगळे त्याच जागेसाठी बोली लावत असतात आणि दर चढतात. २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन, ३० सप्टेंबरचा आंतरराष्ट्रीय अनुवाद दिन, साहित्य संमेलनाचा आठवडा किंवा पुस्तकाचं परीक्षण छापून आल्यानंतरचे चार दिवस जास्त उपयोगी.

जाहिरात कुठे कुठे दिसावी (‘प्लेसमेंट’) हेही हातानं ठरवा. ‘ऑडियन्स नेटवर्क’ बंद करा. तिथे खेळांच्या ॲपमध्ये जाहिरात दिसते आणि चुकून बोट लागलेल्यांचे क्लिक तुमच्या माथी येतात.

एजन्सीला काम देताना

‘एक लाख रीचची हमी’ देणाऱ्यांना नमस्कार करून वाटेला लावा. रीच म्हणजे पडद्यावरून सरकलेली नजर. एजन्सी ठेवलीच तर:

- खातं आणि पेज तुमच्या नावावर असू द्या. एजन्सीला ‘पार्टनर’ म्हणून प्रवेश द्या, पासवर्ड देऊ नका.
- एजन्सीची फी आणि प्रत्यक्ष जाहिरातीवरचा खर्च वेगळे दाखवायला सांगा. मूळ बिल मागण्याचा तुम्हाला हक्क आहे, कारण पैसे तुमचे आहेत.
- काम थांबल्यावर वाचकयादी आणि पिक्सेलचा डेटा तुमच्याकडे राहील, असं लिहून घ्या.

आणि ‘तुमचं पेज २४ तासांत बंद होईल, इथे क्लिक करा’ असा मेटाच्या नावानं आलेला संदेश हा फसवणुकीचा प्रकार आहे. खातं दोन टप्प्यांच्या पडताळणीनं बंदिस्त करा.

जाहिरात नाकारली तर

घाबरू नका. पुष्कळदा यंत्रच नाकारतं. मुखपृष्ठावरचं नग्न शिल्प किंवा रक्त हे नेहमीचं कारण. ‘रिव्ह्यू’ मागा, मानवी तपासणीत बऱ्याच जाहिराती सुटतात. विषय निवडणूक, राजकारण किंवा सामाजिक प्रश्नांच्या गटात धरला गेला तर ओळखपत्राची पडताळणी आणि ‘जाहिरातीचा खर्च कुणी केला’ ही ओळ द्यावी लागते. आणीबाणी किंवा जातीय दंगल या विषयावरची कादंबरी असेल तर ही पडताळणी आधीच करून ठेवा. तिला काही दिवस लागू शकतात.

आकडे कसे वाचायचे आणि कधी थांबायचं

तीन मजकूर, प्रत्येकाला सारखे पैसे, सात दिवस. मधे हात लावू नका. रोज बदल केले की यंत्रणा पुन्हा पहिल्यापासून शिकते. आठव्या दिवशी पाहा:

- पान उघडणाऱ्या माणसामागे किती रुपये पडले?
- त्यांतले किती जण उताऱ्याच्या शेवटापर्यंत पोहोचले? हे संकेतस्थळाच्या मोजणीत दिसतं आणि माझ्या मते हाच सर्वांत खरा आकडा आहे.
- किती जणांनी व्हॉट्सॲपवर विचारलं किंवा ईमेल दिला?
- त्या आठवड्यात ज्या शहरात जाहिरात होती, तिथल्या दुकानदारांकडून मागणी आली का? वितरकाला फोन करून विचारा, तो सांगतो.

मेटा जे श्रेय स्वतःकडे घेतं त्यात क्लिकनंतरच्या सात दिवसांतली आणि नुसती जाहिरात पाहिल्यानंतरच्या एका दिवसातली कृतीही धरलेली असते. म्हणून तुमची विक्रीवही आणि त्यांचा अहवाल जुळणार नाहीत. विक्रीवहीवर विश्वास ठेवा.

लोक पान उघडतात पण पहिल्या परिच्छेदातच परततात, असं दिसलं तर जाहिरात दोषी नाही. दुसरा उतारा लावा. पहिलं प्रकरणच सर्वोत्तम असतं असं नाही, चौथ्या प्रकरणातली आठ पानं जास्त ओढून नेतील. तीनही मजकुरांना कुणी विचारत नसेल तर पैसे वाढवू नका, ठिकाणं बदलून आणखी एक आठवडा पाहा. तरीही हालचाल नसेल तर थांबा आणि उरलेल्या रकमेच्या प्रती वाचकमंडळांना आणि जिल्हा ग्रंथालयांना पाठवा.

चांगला प्रतिसाद मिळाला तर जमलेली वाचकयादी कुणाची, हे अनुवादक आणि प्रकाशक यांनी तेव्हाच ठरवावं. अनुवादकाचं पुढचं पुस्तक दुसऱ्या प्रकाशकाकडे जाऊ शकतं आणि प्रकाशकाचं पुढचं पुस्तक दुसऱ्या अनुवादकाचं असू शकतं. दोघांनाही यादी वापरता येईल आणि वाचकानं संमती देताना दोघांचीही नावं वाचलेली असतील, अशी एक ओळ उताऱ्याच्या पानावरच्या अर्जात आधीपासून ठेवा.